डार्लासाठी पाच मुठी

९ जानेवारी

अडतीस वर्षं मी कवळ्या बनवल्या आणि अडतीस वर्षं कामाची वही ठेवली. पेशंटचं नाव, हिरडीचा रंग, काय बिघडलं, कसं सुधारलं. दोन वर्षांपूर्वी कॅन्ससमधल्या सलाइना गावातली आमची दातांची लॅब बंद झाली, कारण दात आता यंत्रातून छापून येतात. वहीही तेव्हाच बंद पडली. आता पुन्हा काम आलंय, म्हणून पुन्हा वही.

काम असं आहे. माझी बायको डार्ला पिस्तुलाची नेमबाज आहे. पाच लोखंडी पाट्या, हातात टायमर घेतलेला रेंज ऑफिसर, म्हणजे पंच, टायमर वाजला की कोण लवकर पाचही पाट्या टिपतो ते बघायचं. आमच्या क्लबातल्या बायकांत ती सतरा वर्षं पहिली आहे. गेल्या ऑक्टोबरात राज्य सामन्यात अर्ध्या सेकंदानं दुसरी आली आणि तो अर्धा सेकंद तिला अजून पचलेला नाही. यंदाच्या ऑक्टोबरात तो वसूल करायचा असं घरात ठरलंय. पण शनिवारी सरावात पिस्तूल तिच्या हातात दोनदा सरकलं. घरी येताना म्हणाली, “मूठ घसरते रे.” लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, या बाईनं स्वतःच्या चुकीचं खापर हत्यारावर फोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे मूठ खरंच घसरत असणार.

मूठ पॉलिमरची आहे, कडक काळं प्लॅस्टिक. कारखान्यातून येते तेव्हा ओल्या साबणाच्या वडीसारखी असते. तिच्यावर दाणा उठवायला हवा. बाहेर देण्यापेक्षा मीच उठवीन. खरी हिरडी कधी गुळगुळीत नसते, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात. कवळीवर ते हातानं पाडावे लागतात, नाहीतर माणूस हसला की खोटेपणा चमकतो. जन्मभर तेच केलं. इथे सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकानं टोचे मारायचे, एवढाच फरक.

१२ जानेवारी

जुन्या टूलबॉक्सचं झाकण टोचून संपवलं. टोक एका जागी जास्त थांबलं की भोक पडतं. घाई केली की नुसताच ओरखडा. “एक” म्हणायला लागतो तेवढाच वेळ बरोबर. डार्ला तळघराच्या दारातून ओरडली, “काय जाळतोयस?”

“तुझा अर्धा सेकंद,” मी म्हणालो.

हसण्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी.

१५ जानेवारी

इंटरनेटवरचे लोक सरसकट टोचत सुटतात. सगळ्या मुठीवर सारखाच दाणा, जणू हात म्हणजे पाट आहे. हाताचा भार सगळीकडे सारखा पडत नाही. कवळी बनवताना आधी तोंडाचा ठसा घेतात. मी हाताचा घेतला.

लॅबमधली ठशाची पुट्टी उरलीय. मुठीवर तिचा सारखा थर दिला आणि डार्लाला म्हटलं, सामन्यात धरतेस तशी आवळ आणि दहा मोज. पुट्टी घट्ट झाल्यावर सोलून घेतली. प्रत्येक बोट किती खोल गेलं ते मोजलं. मधलं बोट ३.२ मिलिमीटर, अनामिका २.९, करंगळी २.४. जिथे खोल तिथे मोठा दाणा, जिथे उथळ तिथे बारीक. ही युक्ती माझी स्वतःची आहे आणि मला ती आवडली, हे इथे लिहायला हरकत नाही.

२४ जानेवारी

मूठ क्रमांक एक तयार. या पिस्तुलाची मूठ सुटी मिळते. ज्यावर पिस्तुलाचा नंबर असतो तो धातूचा भाग आत असतो, तो काढून दुसऱ्या मुठीत बसवायचा. त्यामुळे बिघडलं तर नवी मूठ आणता येते. पण बिघडलं नाही. कडेची रेघ इतकी सरळ आली आहे की लॅबमधल्या म्हाताऱ्या कुन्झनंही नाक मुरडलं नसतं.

संध्याकाळी डेल्बर्ट आला. क्लबाचे सामने तोच भरवतो आणि तीस वर्षं डार्लाकडून हरतोय.

“वा! माझ्या पिस्तुलावर कवटी काढून दे की अशीच.”

“तुझ्या तोंडात माझी वरची कवळी आहे, डेल्बर्ट. तिच्यावर काढू का?”

“हळू बोल ना लेका, ती घरात आहे.”

“तिला माहीत आहे,” डार्ला स्वयंपाकघरातून म्हणाली. “तू मक्याच्या कणसाचे दाणे चाकूनं काढून खातोस.”

जेवायला चिली, म्हणजे राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचे रोल होते. डेल्बर्ट दोन वाट्या खाऊन गेला. डार्लानं मूठ हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिली. मी विचारलं, कशी वाटते. म्हणाली, “छान आहे. खरंच छान आहे.”

९ फेब्रुवारी

क्लबाचा सामना. डार्ला बायकांत पहिली, पण वेळ नेहमीपेक्षा सव्वा सेकंद जास्त. शेवटच्या दोन पाट्यांना मूठ हातात फिरली, म्हणाली.

पुन्हा ठसा घेतला. करंगळी २.१. तळघर थंड आहे, थंडीत पुट्टी कडक होते. पुढच्या वेळी डबा आधी वर हीटरपाशी ठेवायचा.

२ मार्च

डार्लाच्या हातून कॉफीचा निळा मग फुटला. हा महिन्याभरातला दुसरा. आजकालच्या मगांना नको इतकी चकाकी देतात, कान तर बोट मावेल एवढाही नसतो. वस्तू बनवणाऱ्यांनी ती वस्तू कधी हातात धरून पाहिलेलीच नसते, हे माझं जुनं मत आहे.

ठसा तीन. डबा हीटरपाशी ठेवला होता. करंगळी १.८. पुट्टी जुनी झाली असणार. नवीन मागवली.

२१ मार्च

नवीन पुट्टी आली. ठसा घेतला, करंगळी १.७, अनामिका २.३. म्हणजे हाही माल बिघडलेला. खात्री करायला माझ्या हाताचा ठसा घेतला. सगळी बोटं तीनच्या वर. पण माझा हात मोठा आहे, त्यावरून काही ठरत नाही. कंपनीला पत्र लिहिलं. सभ्य भाषेत, पण लिहिलं.

१३ एप्रिल

मूठ क्रमांक दोन. दाणा मोठा केला, टोक बदललं. पहिलीवर संत्र्याची साल होती, ही भरड सँडपेपरवर जाते. बोटं कमी रुतत असतील तर मुठीनंच बोटांना धरून ठेवायला हवं. विचार बरोबर आहे असं मला वाटतं.

डार्लानं धरली. म्हणाली, “हं. ही धरून ठेवते.”

क्लबातल्या आणखी तिघांना तशीच हवी आहे. डेल्बर्टनं कवटीचा हट्ट सोडलाय, आता त्याला माशाचे खवले हवेत.

८ मे

डार्ला आता दर दुसऱ्या गुरुवारी विचिटाला जाते, गोधड्या शिवण्याच्या वर्गाला. नव्वद मैल जायचं आणि नव्वद यायचं, त्यात गोधडी कुठे आहे ते अजून दिसलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, अजून तुकडे कापणंच चाललंय. तिला सुईत दोरा ओवायचा पहिल्यापासून कंटाळा, त्यामुळे ही आवड कुठून आली कळत नाही. पण बाहेर पडते हे चांगलं आहे. मी लॅब गेल्यावर बाहेर पडलो नाही आणि त्याचं काय झालं ते दोघांनाही माहीत आहे.

२६ मे

डार्लाच्या अंगठ्याजवळचं मांस आज जेवताना आपोआप उडत होतं, मासा फडफडावा तसं. बराच वेळ. मी दाखवलं. तिनं हात टेबलाखाली घेतला आणि म्हणाली कॉफी जास्त झाली. सकाळपासून तिनं एकच कप घेतला होता, पण कडक होता.

१४ जून

मूठ क्रमांक तीन. हिच्यात नवीन प्रकार केला: करंगळी आणि अनामिकेच्या जागी दाण्यांची टोकं मागच्या बाजूला झुकवली, म्हणजे हात मागे सरकायला लागला की टोकं अडवतात. मांजराच्या जिभेवर असतं तसं. एका मुठीला अकरा तास लागले. मान दुखते, डोळे चुरचुरतात, आणि मी लॅब बंद झाल्यापासून इतका खूश नव्हतो. हे लिहून ठेवतो, कारण डार्लाला बोलून दाखवायला जमत नाही.

सरावानंतर तिच्या तळहातावर दोन पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या. म्हणाली बागेत काम केलं त्याचे फोड.

बाग यंदा मीच खणली. पण झाडं तिनं लावली असतील.

५ जुलै

मुलगी केंद्रा टल्साहून दोन दिवस आली होती. ती नर्स आहे. काल स्वातंत्र्यदिनाचे फटाके बघायला तिघं अंगणात खुर्च्या टाकून बसलो. अंधार पडेपर्यंत केंद्रा आईचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली होती, बोटं एकेक उघडत आणि मिटत. आज सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर दोघी बोलता बोलता थांबल्या. केंद्राचे डोळे लाल होते.

“नवऱ्याशी भांडलीस का?” मी विचारलं.

“नाही हो बाबा. कांदा चिरला.”

कुठे कांदा दिसला नाही. निघताना तिनं मला मिठी मारली ती जरा जास्तच वेळ. म्हणाली, “आईकडे नीट बघत जा.” मी म्हटलं, रोज बघतो. तिला चौथ्या मुठीचा आराखडा दाखवला. ती तो कागद हातात धरून नुसती उभी राहिली. तिला नेमबाजीत कधी रस नव्हता.

२० जुलै

डार्लानं सांगितलं, मॅगझिनमध्ये गोळ्या तूच भरत जा, माझी नखं तुटतात. तिची नखं कायमच आखूड. पण भरल्या. तिच्या शर्टांना बटणं असायची, यंदा सगळे डोक्यावरून घालायचे झालेत. फॅशन असेल.

ठसा सहा. करंगळी १.१. कंपनीचं उत्तर आलं: आमच्या मालात दोष नाही, तुमचं मिश्रणाचं प्रमाण तपासा. अडतीस वर्षं मी हेच मिश्रण करतोय.

१७ ऑगस्ट

मूठ क्रमांक चार. दाणा आणखी उंच. बोटांच्या जागी कडा उभ्या ठेवल्या, घासून बोथट केल्या नाहीत. एरवी मी असं काम हातातून जाऊ दिलं नसतं.

डार्लाला वर नेऊन दिली. तिनं डोळे मिटून आवळली. मी विचारलं, आता कशी वाटते. डोळे मिटलेलेच होते. “चांगली आहे,” म्हणाली. “आधीच्यापेक्षा चांगली आहे, वेंडेल.”

१४ सप्टेंबर

क्लबाचा सामना. डार्ला बायकांत तिसरी. सतरा वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या आलेल्या पोरीनं येऊन तिला मिठी मारली, तर डार्ला म्हणाली, “सवय करून घेऊ नकोस.” सगळे हसले. गाडीत बसताना दाराचं हँडल तिनं डाव्या हातानं ओढलं. ते कडक झालंय, तेल घालायला हवं.

२८ सप्टेंबर

मूठ क्रमांक पाच. राज्य सामन्याला हीच. याच्या पुढे जाता येत नाही, प्लॅस्टिकच उरणार नाही. डेल्बर्टनं धरली आणि लगेच खाली ठेवली.

“अरे ही मूठ आहे का किसणी? चीज किसायला ने घरी.”

“तुझ्यासाठी नाहीच आहे ती.”

“वेंडेल,” तो म्हणाला. दाराकडे बघून आवाज खाली केला. “डार्ला बरी आहे ना रे?”

“तिची वेळ वाढलीय सव्वा-दीड सेकंदानं. मूठ बसली की येईल परत.”

“मी वेळेबद्दल नाही विचारत.”

मला त्याचा रोख कळला नाही. त्यालाही तो सांगता आला नाही. मग तो खवल्यांबद्दल बोलायला लागला.

ठसा नऊ. करंगळी ०.३. हा मी धरतच नाही. पुट्टीवर बोट नुसतं टेकवल्यासारखं दिसतं.

११ ऑक्टोबर

राज्य सामना. जे झालं ते क्रमानं लिहितो.

पंच नेमायचं काम डेल्बर्टकडे होतं; माणसं कमी पडली म्हणून त्यानं मला तिसऱ्या जागेवर रेंज ऑफिसर केलं. डार्लाची तुकडी तिथेच येणार होती. मी म्हटलं, बायकोच्या वेळी दुसरा कोणी ठेव. तो म्हणाला, दुसरा कोणी नाही, आणि तू तर तिला जास्तच कडक वागवशील.

डार्ला उभी राहिली. मी नेहमीचे हुकूम दिले. तिनं मॅगझिन लावलं, पिस्तूल कमरेला ठेवलं, हात वर केले. टायमर वाजला. पिस्तूल बाहेर आलं. पहिली पाटी, दुसरी पाटी. तिसऱ्या पाटीकडे वळताना पिस्तूल तिच्या हातातून निघालं आणि समोर खडीवर पडलं.

“थांब,” मी म्हणालो. तो शब्द माझ्या तोंडून माझ्या आधी निघाला.

पिस्तूल पडलं की नेमबाज बाद. त्याला अपील नसतं. आणि पडलेल्या पिस्तुलाला नेमबाजानं हात लावायचा नसतो. रेंज ऑफिसर उचलतो, रिकामं करतो, मग परत देतो. डार्लाला हे मी शिकवलं नाही, तिनं मला शिकवलं. ती दोन पावलं मागे सरली आणि हात खाली सोडून उभी राहिली. पिस्तुलाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी वाकून उचललं. मॅगझिन काढलं, नळीतली गोळी काढली. ऊन होतं, माझ्या हाताला घाम आला होता, आणि मूठ माझ्या तळहातात रुतली ती कुत्र्यानं चावावं तशी. मी ती दोन बोटांत धरली. हललीसुद्धा नाही. उलटी धरली. तरी नाही. मागे वीस माणसं उभी होती आणि मी तिथे पिस्तूल उलटंसुलटं करत होतो. ती मूठ कोणाच्याही हातातून घसरू शकत नाही.

डार्ला म्हणाली, “वेंडेल. सांग.”

मी सांगितलं. “बाद.”

परतीच्या दोन तासांत ती एकदाच बोलली. मॅकफर्सन गावाजवळ, खिडकीबाहेर बघत. “गुरुवारी माझ्याबरोबर विचिटाला चल.”

१२ ऑक्टोबर

काही नाही.

१६ ऑक्टोबर

गोधड्यांचा वर्ग नव्हता. दवाखाना होता. नसांच्या डॉक्टर, लिंडक्विस्ट, आमच्या केंद्रापेक्षा लहान. खोलीतली परिचारिका डार्लाला नावानं ओळखत होती.

मेपासून तपासण्या चालल्या होत्या. ऑगस्टमध्ये नक्की झालं. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. उजव्या हातापासून सुरुवात झालीय. डाव्या अंगठ्यात आता किंचित आहे. थांबवता येत नाही, थोडं लांबवता येतं. वर्षं किती ते डॉक्टरांनी सांगितलं आणि ते मी इथे लिहीत नाही.

मी ठशांबद्दल सांगितलं. जानेवारीपासून नऊ ठसे, तारखेसकट, बोटागणिक मापं. त्या बाईंनी पेन खाली ठेवला.

“प्रत्येक बोटाची मापं? नऊ महिन्यांची? हे मला बघायला मिळेल का? एवढी बारीक नोंद आमच्याकडेही नसते.”

“नोंद आहे,” मी म्हणालो. “पण कारणं चुकीची लिहिलीत.”

मग मी एकच प्रश्न विचारला. मला वाटलं होतं की तिला मूठ नीट लागतच नसेल, हात बधिर होत असेल, म्हणून दाणा मोठा करायला हवा होता. विचारलं, स्पर्शही जातो का.

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या नसा वेगळ्या. हलणं जातं, स्पर्श राहतो. ऊन, गार, वेदना, सगळं शेवटपर्यंत कळतं.”

डार्ला खिडकीकडे बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर उपडा होता. मी तो उलटा केला. पट्ट्या काढल्या. बोटांच्या मुळाशी कातडी सोललेली होती, जुन्यावर नवं, आणि लाल ठिपक्यांच्या रांगा होत्या. रांगा सरळ होत्या. त्या मी मारलेल्या.

१८ ऑक्टोबर

ठसे टेबलावर मांडले. २.४, २.१, १.८, १.७, मग खाली खाली ०.३. शेजारी माझ्या अक्षरात: थंडी, जुना माल, बिघडलेला माल, मिश्रण. माझ्या हाताचा ठसाही त्यात होता, त्याच डब्यातला, तीनच्या वर. मला कवळीचा तळ अर्ध्या मिलिमीटरनं चुकला तर झोप येत नसे. आणि हे दिसलं नाही. मी स्वतःवर चिडलो आहे आणि तिच्यावरही चिडलो आहे.

ते तिला सांगितलं. म्हटलं, भरलेलं पिस्तूल होतं, माणसं उभी होती, तुला माहीत होतं.

“हो,” ती म्हणाली. “ती माझी चूक. मला वाटलं, सामन्यापुरता टिकेल हात. डेल्बर्टला मी फोन करून माफी मागितली. तो रडला गाढव.”

“आणि मुठी? पाच मुठी धरल्यास तू. पहिलीच लागली असेल.”

“पहिली नाही. पहिली खरंच छान होती.” तिनं थोडा विचार केला. “दुसरी जरा. तिसरीपासून पुढे विचारू नकोस.”

“मग बोलली का नाहीस?”

“सांगणार होते. जूनमध्ये सांगणार होते. आणि तू ते झुकलेल्या टोकांचं घेऊन वर आलास, चष्मा कपाळावर, आणि विचारलंस, कशी वाटते. लॅब बंद झाल्यापासून मुठी सुरू होईपर्यंत तू मला काहीच विचारलं नव्हतंस, वेंडेल. दोन वर्षं. जेवलीस का, एवढंसुद्धा नाही. मग मी म्हटलं, अजून एक मूठ होऊ दे.”

ते खरं आहे. मी तिला विचारलं नव्हतं.

मलमाची ट्यूब आणली आणि तिच्याजवळ बसलो. तिचा हात घेतला. बोटं मिटत नव्हती, त्यामुळे काम सोपं होतं. मलम लावायला सुरुवात केली तशी तिनं श्वास आत ओढला.

“दुखतंय?”

“हो,” ती म्हणाली. “खूप दुखतंय.”

मग मी आणखी हळू लावलं.